‘सी’मध्ये काही ठेवू नका

आमच्या पिढीला फाइल कुठे आहे हे माहीत असायचं. ती उघडेल याची खात्री नसायची, उघडली तर आत अक्षरं दिसतील की नुसते चौकोन हेही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण कुठे आहे असं विचारलं, तर झोपेतून उठवूनही पत्ता मिळाला असता. डी ड्राइव्ह, त्यात ‘ऑफिस’, त्यात ‘२००२’, त्यात ‘पत्रव्यवहार’, वरून तिसरी. आजच्या मुलांच्या फाइली हमखास उघडतात, त्यातली अक्षरं शाबूत असतात, वीज गेली तरी मजकूर जात नाही. फक्त कुठे आहे असं विचारलं की उत्तर येतं, ‘आहे की, फोनमध्ये.’ किंवा ‘ड्राइव्हवर.’ कुठल्या ड्राइव्हवर, हा आमचा पुढचा प्रश्न त्यांना कळत नाही, आणि त्यांचं उत्तर आम्हाला.

आमची कॉम्प्युटरशी ओळख झाली तीच मुळी पत्त्यापासून. नव्वदच्या दशकात गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले. तिथे चपला दाराबाहेर काढायच्या, एसीच्या गारठ्यात दबकत शिरायचं आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेसमोर बसायचं. ती रेघ ‘सी कोलन’च्या पुढे लुकलुकायची. सीच का, तर ए आणि बी ही अक्षरं आधीच फ्लॉपीसाठी राखलेली. हार्ड डिस्क मागून आली, तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं. सरांनी शिकवलेली पहिली आज्ञा ‘डीआयआर’, म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. दुसरी ‘सीडी’, म्हणजे तिकडे चल. भलत्या ठिकाणी उभं राहून हाक मारली की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ असं तुसडं उत्तर मिळायचं. यादी लांबलचक असली की पडद्यावरून भराभर वर पळून जायची, मग ‘स्लॅश पी’ जोडून तिला पानापानाला थांबवायचं. हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेतलं, त्याची तोंडी परीक्षा दिली आणि मिळालेली प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवली.

आता यादी मागावी लागत नाही. फोटोंचं ॲप उघडलं की फोटो समोर येतात, गाण्यांचं उघडलं की गाणी. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्यात फाइली बघायची सोयच नव्हती. ‘फाइल्स’ नावाचं ॲप आलं ते थेट २०१७ साली, आयओएस ११ बरोबर. मधल्या दहा वर्षांत लोकांचं काहीही अडलं नाही. ही गोष्ट आम्हाला जरा लागलीच. जी विद्या आम्ही चपला काढून शिकलो, तिच्यावाचून जगाचं बरं चाललंय हे पचवणं सोपं नाही.

नावांचंच बघा. डॉसमध्ये फाइलचं नाव रोमन लिपीतली आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. त्यात मराठी माणसाची कामं बसवायची म्हणजे कसरत. ‘दिवाळी अंक’ ही नऊ अक्षरं होतात, म्हणून एक आय गाळून ‘दिवालअंक’. ‘लग्नपत्रिका’ तर बारा अक्षरांची, तिची व्हायची ‘लग्नपत्र’. ‘जमाखर्च’ दहा अक्षरांचा. आठव्या अक्षराशी तो ‘जमाखर’ होऊन थांबायचा, खर्चाला जागा उरायची नाही. १९९५च्या विंडोजने लांब नावांची मुभा दिली, तरी डॉसमध्ये डोकावलं की तीच नावं सहा अक्षरांवर छाटलेली, पुढे नागमोडी रेघ आणि एकचा आकडा. जाच होता हे कबूल. पण आठ अक्षरांत मावायचं म्हणजे आधी विचार करावा लागायचा, आणि विचार करून ठेवलेलं नाव सहसा विसरायचं नाही.

आता नाव हवं तेवढं लांब ठेवता येतं, अगदी देवनागरीतही. म्हणून कोणी ठेवत नाही. नावं यंत्रच ठेवतं. मामेबहिणीच्या डोहाळजेवणाचा फोटो, घरपट्टीची पावती आणि सकाळी सकाळी आलेलं सूर्योदयाचं सुप्रभात, तिघांचीही नावं ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक अनुक्रमांक. घरपट्टी कोणती हे कळायला तिन्ही उघडून बघायच्या. तशा त्या क्षणात उघडतात, तक्रारीला जागा नाही. ‘जमाखर’ मात्र न उघडता कळायचा.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेली ती मशीनं. जोडून देणारा मुलगा जाताना एकच उपदेश करून जायचा: ‘काका, सीमध्ये काही ठेवू नका हां. फॉरमॅट मारायची वेळ आली की सगळं उडतं. तुमचं जे काय असेल ते डीमध्ये.’ त्यानेच डिस्कचे चार भाग पाडून दिलेले असायचे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये काकांचं काम, ईमध्ये गाणी, एफमध्ये सिनेमे आणि मुलांचे गेम. आम्ही तो उपदेश शिरसावंद्य मानला. सीला हात लावला नाही. सगळं निगुतीने डेस्कटॉपवर आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवत गेलो. हे दोन्ही सीमध्येच राहतात, हे पहिला फॉरमॅट मारून झाल्यावर घराघरांत समजलं. त्या दिवसानंतर मात्र कोणाला पुन्हा सांगावं लागलं नाही. भूगोल असा पाठ होतो.

आजच्या लॅपटॉपवर तो मुलगा येत नाही, त्याचा उपदेशही येत नाही. पहिल्यांदा सुरू करताना ईमेलचा पत्ता टाकायचा, दोनचार वेळा ‘नेक्स्ट’ म्हणायचं, आणि त्या ‘नेक्स्ट’मध्येच कधीतरी आपला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स उचलून वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असतात. नावं तीच, चित्रं तीच, फक्त पत्त्यात मधेच एक नवीन नाव घुसलेलं. काही फाइलींसमोर निळा ढग असतो. म्हणजे फाइल दिसते, पण इथे नाही. क्लिक केल्यावर ती तिकडून येणार, नेटवर्क असेल तर. फुकटची पाच जीबी भरली की जागा विकत घेण्याचं आर्जव सुरू होतं. यावर नाकं मुरडायचा आम्हाला हक्क आहे असं वाटत होतं. पण शेजारच्या मुलीचा लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला, आणि नवीन घेतल्यावर संध्याकाळपर्यंत तिचं सगळं जिथल्या तिथे परत आलं. अगदी डेस्कटॉपवरचा पसारासुद्धा. आमच्या वेळी गेलेलं गेलंच असतं. निळ्या ढगाबद्दल आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र पार गेली, ती म्हणजे फोनवरून पत्ता सांगणं. घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल ऑफिसात हवी आहे, घरी फक्त आई. मग लँडलाइनवर सुरू व्हायचं: ‘आई, माय कॉम्प्युटर दिसतंय? त्यावर दोनदा टिचकी. दोनदा, पण पटकन. आता डी. डी, डब्यातला डी. आता पिवळी पाकिटं दिसतायत ना, त्यातलं चौथं.’ पलीकडून आईचा आवाज: ‘चौथं आडवं की उभं?’ मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पिठाच्या गिरणीसमोरचा जिना चढा, तसा तो पत्ता. आई कॉम्प्युटर चालवत नव्हती, पण पत्त्यावर जाणं तिला येत होतं. ती शेवटी पोचायची, पडद्यावरचा आकडा वाचून दाखवायची, आणि मग वर विचारायची, ‘याच्या शेजारी ते ‘राजीनामा’ नावाचं काय आहे रे?’

आता असं कोणाला पाठवायला लागत नाही. लिंक धाडली की झालं, नाहीतर ‘परत टाक ना’ म्हटलं की झालं. झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. एक गृहस्थ सातबारा शोधतायत. तलाठ्याने पाठवला होता की पुतण्याने, तिथून सुरुवात. पुतण्याशी झालेलं बोलणं अंगठ्याने वर वर सारत गणपतीपासून मागच्या संक्रांतीपर्यंत जातात; वाटेत वाढदिवस, एक बारसं, एका भांडणानंतरची आठवडाभराची शांतता. सातबारा सापडत नाही. शेवटी पुतण्यालाच फोन: ‘अरे, तो परत एकदा टाक.’ तो टाकतो, ते दुकानदाराच्या नंबरावर टाकतात, दुकानदार छापून देतो. दोन मिनिटांचं काम. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये मात्र सातबाऱ्याची आणखी एक प्रत राहते. तिथे तिच्यासोबत निम्म्या पेठेची आधार कार्डं आहेत; ‘आधार’, ‘आधार कंसात एक’, ‘आधार कंसात सतरा’. पूर्वी एक फाइल एकाच जागी असायची आणि ती गेली की जायची. आता तीच फाइल पाच ठिकाणी असते, आणि मालकाला त्यातलं एकही सांगता येत नाही.

शोधायची सोय आमच्याकडेही होती, नव्हती असं नाही. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये शोध घ्यायला एक पिवळा कुत्रा यायचा, रोव्हर नावाचा. आपण नाव सांगायचं, तो शेपूट हलवत बसायचा, आणि डिस्क आतून घरघरत राहायची. चहा टाकून यावं इतका वेळ. पण आपल्या मजकुरापुरता तो कुत्रा जवळपास निरुपयोगी होता. आमचं मराठी तेव्हा श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा वेगवेगळ्या फॉन्टांत टाइप केलेलं. पडद्यावर ‘कुलकर्णी’ दिसलं तरी आत साठलेली असायची भलतीच चिन्हं, आणि ती प्रत्येक फॉन्टची निराळी. रोव्हरला ‘कुलकर्णी’ शोध म्हणून सांगायची सोयच नव्हती. त्यामुळे डीटीपी करणाऱ्या माणसाकडे शोधाऐवजी जागा असायची. अमुक दिवाळी अंक अमुक फोल्डरात, आवृत्ती पेजमेकर साडेसहाची, बरोबर फॉन्टची फ्लॉपी. तो माणूस आठवडाभर आजारी पडला की मुद्रितं अडायची, कारण नकाशा त्याच्या डोक्यात होता. त्याच्या स्मरणशक्तीचं आम्ही केवढं कौतुक करत होतो! ती गैरसोय होती, हे तेव्हा कोणी म्हटलं नाही.

आता युनिकोड आहे. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, हळूहळू कीबोर्ड आले, फोन आले, आणि आज शोधाच्या चौकटीत ‘कुलकर्णी’ लिहिलं की मजकुरातले, नावांतले, ईमेलमधले सगळे कुलकर्णी समोर उभे राहतात. कुत्रा नाही, घरघर नाही, चहालाही वेळ नाही. मराठीला पहिल्यांदाच आपल्याच अक्षरांत आपलं हरवलेलं शोधता येऊ लागलं. यापुढे जुन्या फोल्डरांचे गोडवे गायचे म्हणजे कृतघ्नपणा. तो पत्करूनच पुढचं लिहितो.

हरवणंसुद्धा तेव्हा जागेला धरून होतं. डॉसमध्ये फाइल पुसली की यंत्र तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडायचं. बाकीचं नाव आणि मजकूर, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तसाच पडून. १९९१च्या एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ आलं. ते खोडलेल्या नावांची यादी दाखवायचं आणि नम्रपणे विचारायचं, हिचं पहिलं अक्षर काय होतं? पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, पुढे ‘माखर’. जे दाबलं अन् जमाखर्च परत! वीज जाणं तर रोजचंच. ती परत आली की स्कॅनडिस्कचा निळा पडदा यायचा, पिवळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची, आणि शेवटी डिस्कवर ‘फाइल शून्य शून्य शून्य शून्य’ नावाची फाइल पडलेली सापडायची, शेपटीला ‘सीएचके’. म्हणजे डिस्कवर मजकुराचे तुकडे मिळाले, पण ते कोणत्या फाइलचे याची नोंद हरवली. नोटपॅडमध्ये उघडली की चिन्हांच्या रानात मधेच आपल्या अर्जाची दोन वाक्यं दिसायची.

आता पुसलेलं तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात वाट बघतं, लिहिताना लिहितानाच जपलं जातं, कालची आणि परवाची प्रतही मागता येते. पहिलं अक्षर कोणी विचारत नाही. विचारलं तर आम्हाला आठवेल का, ही शंका वेगळी.

आणि आमचा तो पाठ असलेला पत्ता तरी कितपत खरा होता? डीमधल्या एका फोल्डरातली जाडजूड फाइल डीमधल्याच दुसऱ्या फोल्डरात हलवली की पापणी लवायच्या आत काम व्हायचं. तीच ईमध्ये न्यायची म्हटली की पडद्यावर कागद उडत राहायचे, मिनिटांमागून मिनिटं. याचा अर्थ आम्ही कधी लावला नाही. पहिल्या वेळी फाइल हललेलीच नसायची, फक्त नोंदवहीतली नोंद बदलायची. डिस्कवर ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली, एक तुकडा इथे, एक पार पलीकडे. डिफ्रॅग लावून रंगीत चौकोन हलताना तासन्‌तास बघत बसलो तेव्हा यंत्र तेच तर दाखवत होतं. पिवळं पाकीट ही यंत्राने आमच्या समाधानासाठी घातलेली समजूत होती. ज्या जागेचा आम्ही एवढा अभिमान धरला, ती जागा तशी कुठेच नव्हती.

२०२१ साली ‘द व्हर्ज’ या अमेरिकी संकेतस्थळाने तिथल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचं एक गाऱ्हाणं छापलं होतं: विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ‘फाइल कुठे ठेवलीस?’ असं विचारलं, तर प्रश्नाचा रोखच कळत नाही. आमच्या पिढीने तो लेख मोठ्या समाधानाने एकमेकांना पाठवला. पण वरचा परिच्छेद खरा असेल, तर मुलांनी गमावलंय काय? एक समजूत. तिची जागा त्यांनी दुसऱ्या समजुतीला दिली, की सगळं एकाच मोठ्या ढिगात आहे आणि नाव घेतलं की येतं. आमच्या समजुतीपेक्षा ती फारशी खोटी नाही. वेगवान तर नक्कीच आहे.

तरीही काही गेलं असेल, तर ते फाइलपर्यंत पोचताना वाटेत दिसायचं ते. नाव टाकून शोधायला ती वस्तू आहे हे तरी आठवावं लागतं. विसरलेल्या गोष्टीचं नाव कोण टाइप करणार? फोल्डर उघडलं की मात्र हवी ती आणि नको त्या अशा सगळ्याच फाइली ओळीने उभ्या असायच्या. घरभाड्याची पावती शोधायला जावं आणि न भरलेल्या हप्त्यांचा तक्ता दिसावा. त्याच्याखाली पाठवायचं राहून गेलेलं एक पत्र, कविता म्हणून सुरू करून चौथ्या ओळीवर सोडून दिलेलं काहीतरी, आणि आईने विचारला होता तो ‘राजीनामा’. तो दिला गेला नाही. पण दर दोनचार महिन्यांनी भेटत राहायचा, आणि आपण कोण होणार होतो याची आठवण द्यायचा.

आता आठवणीही यंत्रच काढून देतं, हे खरं. ‘पाच वर्षांपूर्वी याच दिवशी’ असं म्हणत फोन सकाळीच महाबळेश्वरचे फोटो समोर धरतो, मागे संगीत लावून. बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण त्याला आवडतात हसरे चेहरे. न भरलेला हप्ता तो संगीतासह कधी दाखवत नाही. फोल्डरला एवढी समज नव्हती. त्याला फक्त अकारविल्हे लावता यायचं, म्हणून लाजिरवाणं आणि अभिमानाचं एकाच रांगेत यायचं.

एवढं रडगाणं गाऊन झाल्यावर कोणी म्हणालं, की घ्या तुमचं डॉस, घ्या ती आठ अक्षरं, घ्या तो कुत्रा, तर आम्ही घेणार आहोत का? मुळीच नाही. आम्हीही चौकटीत नावच टाइप करू आणि अर्ध्या सेकंदाऐवजी एक सेकंद लागला तर कुरकुरू. फक्त फाइल सापडली की लगेच उघडणार नाही. आधी राइट क्लिक, मग ‘ओपन फाइल लोकेशन’. कामाचं काही नसतं त्यात. शेजारी कोण राहतं तेवढं बघून यायचं.